डाव्या चाकाचा पाटा

लेकीला बाळंतपणाला आणायचं होतं आणि आमची मोटार पुढून डाव्या अंगाला बसली होती. त्या वर्षातलं मला दुसरं काही धड आठवत नाही. लढाई चालू होती, रॉकेलला रांगा लागत होत्या, कृष्णेच्या घाटावर रोज नवी आवई उठत होती. माझ्या डोक्यात मात्र एवढंच: लेक साताऱ्याला, सातवा महिना, आणि मोटार बसलेली.

लेकीच्या सासरची माणसं चांगली. हे मी आज म्हणते, तेव्हा म्हणत नव्हते. आदल्या वर्षी तिला दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात सणाला म्हणून आम्ही तिला सांगलीला आणली. साताऱ्याहून स्टेशन लांब, तिथवर टांगा. त्या टांग्यानं खडीच्या रस्त्यावर पोरीची हाडं खिळखिळी केली. पुढे आगगाडीत सोल्जरांची ही गर्दी, ती मिरजेपर्यंत दाराशी वळकटीवर बसून आली. घरी पोचली आणि त्याच आठवड्यात सगळं संपलं. सासरकडून कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. मीही चार शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते. न बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

या खेपेला मात्र व्याह्यांनी निरोप पाठवला. पहिलं बाळंतपण माहेरचं, आम्ही नाही म्हणत नाही. पण टांगा नको, आगगाडी नको, तिच्या अंगाला धक्का लागता कामा नये. आणि न्यायची तर सातव्यात न्या. आठवा लागला की उंबऱ्याबाहेर पाठवणार नाही. आठव्यात पोटुशीला प्रवासाला काढत नाहीत ही आमच्याकडची रीतच, आणि नवव्यात एवढ्या लांब नेणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यांचं काही चुकलं नव्हतं. तरी निरोप ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जसं काही मागच्या वेळी आम्ही हौसेनंच पोरीला आदळत आणली होती!

ह्यांची हळदीची अडत होती, आणि नाकापेक्षा मोती जड तशी ही मोटार. एका वकिलांनी वापरून वापरून सोडलेली, वर कापडी टप, हॉर्न दाबला की म्हैस ओरडावी तसा आवाज. पुढच्या चाकांवर दोन्हीकडे कमानी असतात, म्हणजे लोखंडी पाटे एकाखाली एक बांधलेले. रस्त्याचा धक्का त्या कमानी खातात, आत बसलेल्याला लागू देत नाहीत. आमच्या डाव्या कमानीचा सगळ्यांत थोरला पाटा तुटला होता. त्याच्याच दोन टोकांना डोळे वळवलेले असतात आणि त्यांवर अख्खी कमान टांगलेली असते. शिवाय किंगपिना झिजलेल्या. किंगपिन म्हणजे चाक ज्या जाड खिळीवर इकडेतिकडे वळतं ती. ती झिजली की चाक ताडी प्यायल्यासारखं डुलतं. मला हे सगळं कसं ठाऊक? अहो, घरात दुसरा विषयच नव्हता. जेवताना किंगपिन, झोपताना पाटा.

आमच्या मिस्त्रींनी कानावर हात ठेवले. "वहिनी, मुंबईतसुद्धा मिळायचं नाही. येतंय ते सगळं लष्करात जातंय. ह्याच जातीची एखादी मेलेली मोटार कुठं पडली असली तर बघा."

झालं! ह्यांना मंत्रच मिळाला. बाजारात जो येईल त्याला हे विचारायचे, तुमच्या बाजूला कुठं मेलेली मोटार आहे का हो? लोक माझ्याकडे बघून हळूच हसायचे. शेवटी कडेगावकडचा एक गूळवाला म्हणाला, "हाय की आमच्यात एक. बाभळीखाली पडलीया. कोंबड्या बसत्यात तिच्यात."

मी बरोबर निघाले. ह्यांनी आढेवेढे घेतले, बाईमाणसाचं तिथं काय काम म्हणून. पण मी ओळखून होते. हा माणूस भाव करायला वाघ आणि मागायला शेळी. कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीत तोंडं काळी करून घेत आम्ही कडेगावला उतरलो. उसाच्या कडेकडेनं चालत त्या मळ्यात गेलो, तर खरंच, आमच्याच मोटारीची सख्खी बहीण बाभळीखाली रुतून बसलेली. रंग तोच, टप गेलेला, मागच्या सीटवर एक खुडूक कोंबडी. ह्यांचा चेहरा असा फुलला की मला त्यांची दया आली. कोट काढून हे सरळ मातीत आडवे झाले आणि मोटारीखाली शिरले.

"किंगपिना आहेत गं! चांगल्या आहेत!" आतून आवाज आला. मग म्हणाले, "कमानी नाहीत."

मळ्याचे मालक म्हणजे एक म्हातारे, डोक्याला मुंडासं, बोलणं रोखठोक. मी विचारलं, "मामा, कमानी कुठं गेल्या?"

"कमानी? त्या कवाच कोयतं झाल्या की, आक्का!"

मला आधी कळेचना. मग त्यांनी तोडीवरच्या एका गड्याला हाक मारली आणि त्याच्या हातातला कोयता माझ्यापुढं धरला. ऊस तोडायला कमानीच्या पाट्यासारखं लोखंड नाही म्हणे. धार धरतं, बोथटत नाही. मोटार पडली त्याच साली लोहारानं एकेक पाटा कापून गावाला कोयते करून दिले होते. मोटारवाली बाई आलीया म्हटल्यावर एकेक गडी आपापला कोयता दाखवायला आला. "हा उजवीकडचा, वैनी. लय झ्याक चालतोय." मला हसू फुटलं. हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. पदर तोंडाला लावून मी तिथंच बांधावर बसले.

म्हातारे गडबडले. "आवं आक्का, रडता कशापायी? मोटारीपायी कुणी रडतं व्हय?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. लेक, मागच्या वेळचं, सातवा महिना, धक्का लागू द्यायचा नाही ते. परक्या गड्यांसमोर, परक्या रानात. घरी कुणापुढं बोलले नव्हते एवढं बोलले. हे मोटारीखालीच थांबले, बाहेर आले नाहीत.

"आसं म्हना की," म्हातारे म्हणाले, आणि उठले. "एक पाटा ऱ्हायलाय. चला."

तो मारुतीच्या देवळापुढं होता. पिंपळाच्या फांदीला एका डोळ्यातून साखळी ओवून टांगलेला. आरतीला, गावात आग लागली तर, चोर आले तर, लोखंडाचा तुकडा घेऊन त्याच्यावर टोल द्यायचे. थोरला पाटाच होता तो, दोन्ही डोळे शाबूत. ह्यांनी वीत लावून मोजला आणि नुसती मान हलवली. पण पारावर बसलेली मंडळी तयार होईनात. देवाचं म्हणून टांगलेलं काढायचं कसं? मी म्हटलं, माझ्या देवघरातली पितळेची घंटा पाठवते, मारुतीला शोभेलशी. एक जण म्हणाला, "मग घंटा येऊ द्या, तवा पाटा न्या."

म्हातारे त्याच्यावर असे उखडले! "बाईची पोरगी तिकडं आडून बसलीया, आन् तू आगुदर घंटा मागतुयास? जरा लाज धर रं." त्यांनी स्वतः साखळी सोडली. ती घंटा मी सांगलीला गेल्या गेल्या पाठवली, हे सांगायला नकोच.

एवढी वर्षं टोल खाऊन पाट्याचा बाक गेला होता. तो पुन्हा आणायला आम्ही गावच्याच लोहाराकडे गेलो. तोच, सगळ्या गावाचे कोयते करणारा. पंचक्रोशीत त्याच्या हाताला तोड नव्हती, असं सगळेच सांगत होते. त्यानं पाटा भट्टीत घातला, ह्यांनी फळीवर खडूनं काढून दिलेल्या बाकाप्रमाणे घणाखाली वाकवला. शेवटी पुन्हा लालभडक करून पाण्याच्या कुंडीत बुडवला. चर्र झालं, वाफ माझ्या तोंडावर आली. लोखंड कडक व्हावं म्हणून असं पाणी द्यावं लागतं, त्याशिवाय ते मऊ राहतं. "शेट, माज्या सवताच्या कोयत्याला दिलं न्हाई आसं पाणी दिलंय," तो म्हणाला. "पोरीचं काम हाय. दगडावर हाना, वाकायचं न्हाई." त्यानं हाणूनही दाखवला. पाटा वाकला नाही. मी त्याला तोंड भरून आशीर्वाद दिले.

पुढचे दिवस आमच्या अंगणात नुसता लोखंडाचा बाजार. कडेगावच्या किंगपिना गंजलेल्या, त्या एरंडेलात भिजत घातल्या. डोकं दुखलं तर लावायला घरात थेंब राहिला नाही. त्यांच्याभोवती पितळेचे बुश लागतात, ते माधवनगरच्या गिरणीतल्या एका ओळखीच्या फिटरनं लेथवर कातून दिले. मिस्त्रींनी सगळं बसवलं. मग ह्यांची परीक्षा सुरू झाली. मी विरजलेल्या दह्याचं मातीचं सट मांडीवर घेऊन मागं बसायचं आणि ह्यांनी हरिपूरच्या रस्त्यानं मोटार न्यायची. दही मोडलं तर पुन्हा खाली शिरून नट आवळायचे. चार दिवस आम्ही मोडलेलं दही खाल्लं. पाचव्या दिवशी कवडी तशीच्या तशी राहिली आणि हे रस्त्यातच मोटार थांबवून माझ्याकडे वळून बघत राहिले. माणूस खूश झाला की असाच मुका व्हायचा.

तोवर सातवा संपत आला होता. साठवलेल्या कुपनांचं पेट्रोल भरलं, मागच्या सीटवर दोन गाद्या अंथरल्या आणि पहाटे निघालो. कराडला दशम्या खाल्ल्या. मोटार पाण्यावरून चालल्यासारखी चालली होती, खोटं कशाला बोलू. उंब्रज मागं पडलं आणि लष्कराच्या लॉऱ्यांनी उखणलेला रस्ता लागला. हे बैलगाडीच्या वेगानं, खड्डे चुकवत नेत होते. एक खड्डा चुकला नाही. फार मोठाही नव्हता.

काचेची बरणी फरशीवर पडावी तसा आवाज झाला. मोटारीनं डावा गुडघा टेकला आणि माझं डोकं टपाच्या लोखंडावर आपटलं.

हे खाली उतरले, वाकून बघितलं आणि तसेच रस्त्यावर बसले. पाटा मधोमध दोन तुकडे. तुटल्या जागी आत साखरेच्या खड्यासारखं चकाकत होतं. "कोयत्याचं पाणी दिलं गं त्यानं," हे म्हणाले. "कोयत्यानं वाकायचं नसतं. ह्यानं वाकायला पाहिजे होतं. हे तेलात थंड करतात, मऊ ठेवतात." मग म्हणाले, "त्यानं जीव ओतून केलं होतं."

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. लोहाराला बोलले, व्याह्यांना बोलले, ह्यांना तर सोडलंच नाही. तुम्हाला एवढं कळत होतं तर समोर बसून काय भजन करत होता? हे मान खाली घालून ऐकत होते. आणि बोलता बोलता माझं लक्ष मागच्या गाद्यांकडे गेलं. तिला आणायला जाताना मोडलं. घेऊन येताना मोडलं असतं तर त्या गाद्यांवर ती असती. मीही ह्यांच्या शेजारी धुळीत बसले.

शेजारच्या रानातल्या एका कुणब्यानं बाभळीचा ओंडका तासून दिला. तो चाकाच्या दांड्यात आणि मोटारीत टेकू म्हणून घालून सोलानं, म्हणजे जाड दोरानं, आवळला. त्या टेकूवर पायी चालणाऱ्याच्या चालीनं आम्ही साताऱ्यात शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

आमच्याकडे अशी रीत की मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. साताऱ्याला गेलो की आम्ही ओळखीच्यांकडे उतरायचो आणि लेकीकडे नुसते टेकून यायचो. विहीणबाई दर वेळी रीत म्हणून गूळपाणी पुढं करायच्या आणि आम्ही रीत म्हणून हात लावून परत द्यायचो. त्या दिवशीही त्या गूळपाणी घेऊन आल्या. आम्ही हात लावला.

हे व्याह्यांना सांगत होते, इथला लोहार बघतो, दोन दिवसांत नवा पाटा घालतो, आठवा लागायच्या आत नेतो. व्याही ऐकत होते, हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. तेवढ्यात लेक बाहेर आली. पोट पुढं, चेहरा उतरलेला, केस नुकतेच विंचरलेले; जायला तयार होऊन बसली होती बिचारी. ती मोटारीजवळ गेली, वाकता येत नव्हतं तरी कमरेवर हात ठेवून तिनं तो ओंडका बघितला.

"बाबा, हे आत्ता मोडलं? येताना?"

"अगं, साधा पाटा आहे. उद्याच्या उद्या..."

"मी नाही येत."

मग माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, नाही येत म्हणजे? पहिलं बाळंतपण आणि सासरी? मग मी आई कशाला झाले? तिकडे माझा जीव टांगणीला लागायचा, इथं तुला कळा यायच्या, हाक मारायला कोण? विहीणबाई दारात उभ्या होत्या, ऐकत होत्या, ह्याचंही मला भान राहिलं नाही.

लेकीनं मला बोलू दिलं. मग म्हणाली, "मागच्या वेळी मी तुझ्याकडे आले होते, आई. आता मी हलायची नाही. तू हल."

ती रागावली नव्हती. सांगितल्यासारखं बोलली. मी ह्यांच्याकडे बघितलं, हे मोटारीकडे बघत होते. इथं राहायचं तर इथलंच खायचं, प्यायचं. लोक काय म्हणतील, सांगलीतल्या माझ्या जावा काय म्हणतील, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. विहीणबाईंच्या हातात ते पाणी अजून तसंच होतं. मी पुढं झाले, त्यांच्या हातून भांडं घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं प्याले. नंतर विहीणबाईंनी मला सांगितलं, मागच्या वेळी सणाला माहेरी पाठवायचा हट्ट त्यांचाच होता. वर्षभर त्यांना वाटत होतं की मी कधीतरी येऊन त्यांना बोल लावणार.

ह्यांनी पाणी घेतलं नाही. मोटार व्याह्यांच्या अंगणात ठेवून दुसऱ्या दिवशी तुटके तुकडे काखोटीला मारून हे एकटे सांगलीला गेले. मी राहिले. त्या घरी जेवले, निजले, विहीणबाईंशी दोनदा कडाक्याची भांडलेही, एकदा मेथीच्या लाडवांवरून आणि एकदा शेगडी कुठं ठेवायची त्यावरून. नववा भरला. कळा सुरू झाल्या तेव्हा लेकीनं माझा हात असा पिळला की बांगडी फुटून मनगटात रुतली. मुलगी झाली. आली ती रडतच आली, आणि तिचं रडणं ऐकून आम्ही दोघी विहिणी एकमेकींच्या गळ्यात पडलो.

निरोप मिळाला तसे हे आगगाडीनं आले. दारात उभे राहिले ते काखेत धोतरात गुंडाळलेलं एक लांबडं घेऊन. पाटा! मिरजेला रेल्वेच्या कारखान्यातल्या कुणाकडून नवा घडवून, तेलात थंड करून आणलेला. आता नात झाली होती, पाणी चालत होतं. विहीणबाईंनी दिलेलं पाणी हे गटागटा प्याले. पण बसेनात. "हा वाकतो," व्याह्यांना सांगायला लागले. "मी स्वतः उभा राहून बघितलाय. आता किती खड्डे येऊ देत..."

"आणा तो इकडे," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी पाटा ह्यांच्या हातातून काढून घेऊन कोपऱ्यात ठेवला, ह्यांना खांबाशी बसवलं आणि दुपट्यात गुंडाळलेली नात मांडीवर दिली. हे आखडले. डोळे तेवढे तिच्यावर. पापणी हलेना, हात हलेना, अंगावर बसलेली माशी हाकलेनात. पोर जांभई देऊन झोपली तरी हे तसेच.

"अहो व्याही," विहीणबाई म्हणाल्या, "श्वास तरी घ्या."

तेव्हा कुठं ह्यांनी श्वास सोडला, आणि सगळ्यांदेखत रडायला लागले.